बत्तीसची फोर्ड, तिची सीलबंद बॅटरी आणि माझी जाऊ

सगळ्यांत आधी टपकली ती लव्हॉनच. नऊला या म्हटलं होतं, तर ही पावणेनऊला दारात उभी. केस सेट केलेले, ओठांना लाली, हातात अजून वाफ निघणारा पीचचा कॉबलर, फळं घालून भाजलेलं गोड. मृत्युपत्र माझं आणि नटूनथटून आली ही. वर म्हणते, "साक्षीदार व्हायचं तर जरा बरं दिसायला नको का, ओपल?" एक्क्याऐंशी वर्षांची आहे. माझ्या मोठ्या दिराची, वेंडेलची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, राहते शेजारच्याच घरात. वेंडेल गेल्याला अकरा वर्षं झाली, पण लाली काही गेली नाही.

तिच्या मागोमाग हॉलिस पर्डी आला. हा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. चाळीस वर्षं कौंटीच्या कचेरीत कागद रंगवण्यात गेली, त्यामुळे 'सबब' कुठे घालायचं आणि 'माझ्या पश्चात' कुठे, ते तो सांगणार आणि मी माझ्या हाताने लिहिणार असं ठरलंय. शेवटी आली माझी नात कोरीन. तिने आधी लव्हॉनच्या गालाचा मुका घेतला, मग माझ्या. मी मोजले. लव्हॉनला दोन, मला एक.

तर आता कायद्याचं.

मी, ओपल फे स्टीगॉल, वय अठ्ठ्याहत्तर, दिवंगत डेल्बर्ट स्टीगॉल यांची बायको, राहणार ऑइलडेल, कर्न कौंटी, कॅलिफोर्निया, असं लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे. काल रात्री काय जेवले ते सांगू शकते (तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड आणि ताक). मला कोणी दमदाटी केलेली नाही, फक्त कॉबलर दिलाय आणि तो मी अजून खाल्लेला नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. कापूस वेचायचा हंगाम आला की आमची पाटी फळीवर जायची ती थंडी पडल्यावर खाली यायची. तेव्हा अक्षर वाकडं दिसेल, पण ते माझंच आहे. याआधी एक मृत्युपत्र लिहिलं होतं. ते कुठे ठेवलं ते आठवत नाही. सापडलं तर कोणी वाचत बसू नये, जाळावं.

कलम पहिलं. घर, अंगण, गॅरेज आणि बँकेत जे काही असेल ते माझा मुलगा रँडल याला. तो टल्साला असतो आणि ख्रिसमसला फोन करतो. मागचं पेकनचं झाड मात्र त्याने तोडू नये. त्याच्या बापाने ते त्याच्या जन्माच्या आठवड्यात लावलंय आणि तो हे विसरलाय.

कलम दुसरं. बिडाचे दोन तवे आणि निळ्या चौकटींची गोधडी कोरीनला. मोठा तवा साबणाने घासायचा नाही. माझा काचेचा केक-स्टँड पाद्रीबाईंकडे आहे, तो एकोणीसशे ऐंशीच्या ईस्टरला 'जरा दे' म्हणून नेलेला. तो त्यांनी ठेवून घ्यावा. आता काय परत आणतात! पण माझ्या दफनाला त्यावर केक ठेवून आणू नये, एवढं कळवावं.

कलम तिसरं. क्लबच्या हॉलमध्ये शिरल्यावर डाव्या भिंतीवर एक फोटो आहे. सन अठ्ठावन्न. गाड्या पळवायचं कोरडं तळं, नजर पोचेल तिथपर्यंत तडकलेली माती आणि मधोमध आमची गाडी. स्टिअरिंगवर माझा डेल. शेजारच्या सीटवर लव्हॉन, डोक्याला रुमाल, दात काढून हसतेय. मी त्या दिवशी घरी होते, रँडल पोटात होता, डॉक्टर म्हणाला खड्ड्यांतून जायचं नाही. वेंडेलची गाडी वाटेत बंद पडली म्हणून ही माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसली, एवढंच झालं, हे मला सगळ्यांनी छप्पन्न वर्षांत शंभरदा सांगितलंय. मला माहीत आहे. तरी तो फोटो क्लबने खाली उतरवावा, नाहीतर त्याच्या शेजारी माझा लावावा, तेवढ्याच मापाचा. फोटो सोबत जोडला आहे. त्यात मी त्याच सीटवर आहे आणि रुमाल जास्त चांगला आहे.

हे लिहिताना हॉलिस म्हणाला, "ओपलबाई, भिंतीवर जागा नाहीये तिथे."

"मग भिंत वाढवा," मी म्हटलं.

लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती. पण खांदे हलत होते तिचे. हसत होती.

कलम चौथं, हत्यारं. डेलचे पाने, जॅक, मीटर आणि लाल कपाट पूर्ण भरलेलं, हे सगळं कोरीनला. ती तेलाच्या विहिरींवरच्या पंपांचं वायरिंग करते, सव्वीस वर्षांची आहे आणि तिच्या हाताला वळण आहे, ते तिला माझ्याकडून आलं. काही लोक म्हणतात लव्हॉनकडून आलं. लव्हॉन आणि तिचं रक्ताचं नातं काय? काहीच नाही.

हत्यारांबरोबर अक्कलही द्यावी लागते, म्हणून बॅटरीचं लिहिते.

आमची गाडी म्हणजे बत्तीस सालची फोर्ड, दोन सीटांची. डेलला ती एका कोंबडीच्या खुराड्यातून मिळाली, आत सात कोंबड्या राहत होत्या. छप्पर चार इंच कापून खाली आणलं, जुनं इंजिन काढून आठ सिलिंडरचं थोरलं बसवलं. असल्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात आणि आमच्याकडे माणसं त्या गाड्या पुसण्यात म्हातारी होतात. बोनेटखाली मग बोटभर जागा उरत नाही. म्हणून बॅटरी लपवायची. डेलने ती शेजारच्या सीटखाली लपवली. पहिली साधी होती, पाणी घालायची, बुचांची. तिच्या वाफेने माझ्या निळ्या कोटाला मागून चाळणी झाली. मी चर्चमध्ये पुढे चालतेय आणि मागची सगळी रांग माझं अस्तर बघतेय. त्या रविवारी डेल म्हणाला, "पुरे. सीलबंद घेऊ. तिच्यातलं ॲसिड आत काचेच्या गादीत मुरलेलं असतं, सांडत नाही, आडवी ठेवली तरी चालते." माझ्या कोटासाठी घेतली त्याने ती. हे कोणी विसरू नये.

पण आधी चूक केली. वेंडेलने नुकतीच चिमुकली सीलबंद बॅटरी बसवली होती, ब्रेडच्या लादीएवढी, आणि क्लबात सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते जणू बाळ जन्मलंय. डेलला ते बघवेना. त्याने त्याहून लहान आणली. भावाच्या गाडीवर जळून बॅटरी निवडली त्याने, आणि मी त्याला आणखी भरीला घातलं, कारण लव्हॉन त्या लादीचं कौतुक फारच करत होती. सकाळी थंड इंजिन झकास सुरू झालं. टेहाचापीचा घाट चढून वर जेवायला थांबलो, आणि जेवून निघताना इंजिन तापलेलं. डेलने सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. टक. वेंडेलने त्याच्या गाडीने मागून ढकलत आम्हाला उतारापर्यंत नेलं. आरशात मला लव्हॉन दिसत होती. आइस्क्रीम खात होती.

सबब, कोरीन, बॅटरी निवडताना डबा किती गोंडस आहे ते बघायचं नाही. इंजिन किती घट्ट आहे ते बघायचं, आणि तापलेलं असताना ते फिरवायला किती करंट लागतो ते. सीटखालून पुढे जाणारी केबल लांब असते, वाटेत करंट खाते, म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड घ्यायची आणि अर्थची वायर थेट चासीला, रंग खरवडून. मग जागेत मावेल तेवढी मोठी बॅटरी घ्यायची, छोटी नाही. एक्झॉस्टच्या पाइपाजवळ ठेवायची नाही, उष्णतेने मरते. आणि पट्ट्याने आवळून बांधायची. दुसऱ्यांदा डेलने चोवीस पौंडांची आणली आणि आडवी बसवली. ती आजतागायत आहे.

कलम पाचवं, चार्जिंग. हे डेलचं खातं नव्हतं, माझं होतं. तो विसराळू होता. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने चार्जर लावला आणि पुढच्या वाढदिवसाला काढला असता. म्हणून मला शिकवलं आणि मी शिकले, चौथी पास असले तरी मला आकडे वाचता येतात. बॅटरी कमीत कमी चार तास निवांत पडू द्यायची आणि मग मीटर लावायचा. बारा पॉइंट आठ म्हणजे पोटभर. बारा पॉइंट चारच्या खाली गेली की लगेच चार्जिंगला लावायची, उद्यावर ढकलायचं नाही. चार्जरवर सीलबंद बॅटरीची खूण असते, तिथे बटण आणायचं. साडेचौदाच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आतल्या आत सुकून मरते आणि हिच्यात पाणी घालता येत नाही. शेल्फवरचा हिरवा जुना चार्जर आपोआप बंद होत नाही, तो या बॅटरीला कधीही लावू नये. आणि बॅटरी पारच झोपली तर नवा चार्जर तिला ओळखतच नाही, म्हणतो इथे बॅटरीच नाही. अशा वेळी शेजारी चांगली बॅटरी ठेवून अधिकाला अधिक, उण्याला उणे असं जोडायचं आणि मग चार्जर लावायचा. अर्ध्या तासात झोपलेली डोळे उघडते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी गाडी सुरू करायची आणि वीस मिनिटं चालू ठेवायची. डेल दोन हजार नऊच्या मार्चमध्ये गेला. तेव्हापासून एकही पहिला शनिवार मी चुकवलेला नाही. आजही पहिला शनिवार आहे, आणि आज पहाटेच माझं करून झालंय.

कलम सहावं. सबब, ही गाडी, बॅटरीसकट आणि चार्जरसकट, माझ्या पश्चात कोरीनची. अट एकच. ती लव्हॉन स्टीगॉलच्या गॅरेजमध्ये कधीही नेऊ नये आणि लव्हॉनने तिला हात लावू नये.

कोरीन माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आजी, हे काय लिहितेयस?"

"वाचता येतं ना तुला? मग वाच."

"मी दर शनिवारी तिकडेच असते. गाडी उचलायची लिफ्ट तिच्याकडे, वेल्डिंगचं सामान तिच्याकडे. मी गाडी ठेवू कुठे, डोक्यावर?"

"माझं गॅरेज आहे की."

"ते तू आत्ताच बाबांना दिलंस. कलम पहिलं."

हॉलिस खोकला. "मुद्दा बरोबर आहे, ओपलबाई."

"तू लिहायचं सांग, मुद्दे सांगू नकोस."

कोरीन खुर्ची ओढून समोर बसली. ती रागावली की तिचा आवाज खाली जातो, अगदी डेलसारखा. "असं असेल तर मला गाडी नको. लव्हॉन आजीला दुखवून तर नकोच नको."

लव्हॉन आजी! मी एक आजी कमी पडते का? मी तिला भरवलं, मी तिच्या केसांतल्या उवा काढल्या, मीच तिच्या हातात पहिला पाना दिला. आणि आजी ती?

आता, तिने नको म्हटलं की गाडी रँडलकडे जाणार आणि रँडल ती पहिल्या येईल त्याला विकणार. मला हे ठाऊक होतं. तरी मी अट खोडली नाही. मी म्हटलं, "तुझी मर्जी," आणि पुढचं कलम लिहायला घेतलं.

कलम सातवं. यात मी कोरीनला माझं एक गुपित देत आहे, तिने गाडी घेतली वा न घेतली तरी. सगळे सांगतात सीलबंद बॅटरी उघडायची नसते. डेल गेल्यावर मे महिन्यात मला वाटलं तहानलेली असेल बिचारी. पन्नास वर्षं मी बॅटऱ्यांना पाणी पाजलंय, हिलाच का नाही? मी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटलं, खालची रबरी बुचं काढली आणि प्रत्येक घरात डिस्टिल्ड वॉटर घातलं. झाकण पुन्हा ठोकून बसवलं. जुलैच्या पहिल्या शनिवारी नुसतं टक झालं. चार्जर लावला, उपयोग नाही. मी कोणाला बोलले नाही. ऑगस्टमध्ये दोन आठवडे रँडलकडे गेले. परत आले, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सेल्फ मारला, आणि पहिल्या झटक्यात इंजिन गरजलं! पाणी मुरायला वेळ लागतो एवढंच. पाच वर्षं झाली, अजून चालतेय. सबब, दर तीन वर्षांनी झाकण उचकटून

इथे लव्हॉन म्हणाली, "ओपल, हे तेवढं लिहू नकोस."

तिने सकाळपासून माझ्या एकाही कलमाला तोंड उघडलं नव्हतं. फोटोला नाही, अटीला नाही. आणि याला उघडलं.

"का गं? तुला जमलं नाही म्हणून?"

"पोरगी तसं करून बसेल. बॅटरी मरेल."

"माझी मेली का?"

लव्हॉनने कॉबलरचं भांडं उगाच टेबलावर सरकवलं.

"जळतेस तू," मी म्हटलं. "क्लबच्या प्रदर्शनात सगळे कप तुझ्या गाडीला मिळाले, पण हे तुला सुचलं नाही. थांब, झाकणावर माझ्या स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे दाखवते तुला."

"ओपल, बस खाली."

बसतेय कसली! त्या सीटखाली डेल गेल्यापासून मी कोणाला हात घालू दिलेला नाही, आणि चार्जिंगची वायर बाहेर काढलेली आहे म्हणून त्या पाण्यानंतर मलाही सीट उचलायचं काम पडलेलं नाही. आज उचलली. गॅरेजचा दिवा लावला, चष्मा पुसला.

झाकण गुळगुळीत होतं. एक ओरखडा नाही.

मी बोट फिरवून पाहिलं, चारी कडांनी. मग कडेला महिना-सालाची चिकटपट्टी दिसली, दुकानदार भोक पाडून देतात ती. ऑगस्ट, दोन हजार नऊ. आणि डेल गेला मार्चमध्ये.

तेवढ्यात तिघंही गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. ऑगस्टमध्ये मी टल्साला असताना माझ्या टोमॅटोंना पाणी घालायला किल्ली कोणाकडे होती, ते मला आठवलं.

"माझ्या नवऱ्याच्या गाडीत सीटखाली हात घातलास तू," मी म्हटलं.

"घातला," लव्हॉन म्हणाली.

"डेलची बॅटरी कुठाय?"

"तू पाणी घालून मारलीस ती. मी उघडून बघितली, आत डबकं झालं होतं. तशीच्या तशी दुसरी आणली, त्याच मापाची, त्याच वजनाची, तशीच आडवी बसवली. एकटीने. कंबर आठवडाभर धरली होती माझी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"उचलून तुझ्या अंगणात फेकली असती."

"मग!"

हॉलिसने टोपी काढून पुन्हा घातली. कोरीन खाली बसून ती चिकटपट्टी वाचत होती. मी विचारलं, "तुला काय पडलं होतं गं? बंद पडली असती तर बरंच की. क्लबात तुझी एकटीची चमकली असती."

लव्हॉन जॅकच्या पेटीवर बसली. लालीबिली सगळं पुसलं गेलं होतं, नुसती म्हातारी बाई दिसत होती. "वेंडेल गेल्यापासून मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसते. आधी डेल सुरू करायचा, मग तू करायला लागलीस. तुमचं इंजिन ऐकू आलं की कप खाली ठेवायचा आणि कामाला लागायचं. जुलैत नुसतं टक, टक ऐकू आलं. अकरा वेळा. मग तू दिवसभर बाहेर आली नाहीस. पडदेसुद्धा उघडले नाहीस. मला वाटलं, ही आता डेलच्या मागे जाणार." मग नाक पुसून म्हणाली, "आणि जळायचं म्हणतेस ना? जळले मी. वेंडेलने मला आयुष्यात पान्याला हात लावू दिला नाही. तुला डेलने मीटर दिला, चार्जर दिला, म्हणायचा 'हे ओपलचं खातं.' आमच्या घरी माझं खातं फक्त सँडविच. जे शिकले ते तो गेल्यावर शिकले, सत्तरीत. फोटोतली सीट काय घेऊन बसलीस? मला तुझा मीटर हवा होता."

मला हे माहीत नव्हतं. छप्पन्न वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर, आणि मला एकदाही त्याची मजा घेता आली नाही. सांगायला लाज वाटते, पण ऐकून मला फार बरं वाटलं. आतून गुदगुल्या झाल्या. पुन्हा सांग म्हणणार होते, पण कोरीन बघत होती.

मी तिघांना बाहेर पायरीवर बसवलं, कॉबलर दिला, आणि एकटीने आत येऊन पुढचं लिहिलं.

कलम सातवं खोडलं आहे. वाचता येईल असं खोडलं आहे, कारण चूक कशी दिसते ते कोरीनला कळावं. सीलबंद बॅटरीत पाणी घालायचं नसतं. झाकण उचकटायचं नसतं. मी उचकटलं होतं आणि ती बॅटरी मेली होती.

कलम सहाव्यातली अट खोडली आहे. गाडी कोरीनची, कुठेही ठेवावी, कोणाच्याही लिफ्टवर चढवावी.

कलम आठवं. कोरीनकडे गाडी असताना दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी किल्ली आणि मीटर लव्हॉन स्टीगॉलच्या हातात द्यावा. आधी तिने व्होल्ट बघावेत, मग तिनेच सेल्फ मारावा आणि वीस मिनिटं इंजिन चालू ठेवावं. कोरीनने शेजारच्या सीटवर बसावं आणि मध्येमध्ये बोलू नये. हा हक्क लव्हॉनला तिच्या हयातीपर्यंत. मी जिवंत आहे तोवर किल्ली माझीच, यात बदल नाही. लव्हॉन माझ्याआधी गेली तर हे कलम वाया जाईल, सबब तिने तसं करू नये.

हे मी पायरीवर जाऊन मोठ्याने वाचलं. लव्हॉनने बशी खाली ठेवली. कोरीनने माझ्या गालाचे मुके घेतले, मी मोजायचे विसरले.

कोरीन म्हणाली, "घेईन मी गाडी."

"घेशील म्हणजे? उपकार करतेस?"

"करते," म्हणाली. माझीच नात.

तेवढ्यात हॉलिस म्हणाला, "ओपलबाई, एक अडचण आहे. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर कोर्ट संशय घेतं, यानेच दाब देऊन लिहून घेतलं म्हणतं. एकतर आठवं कलम काढा, नाहीतर साक्षीदारांतून लव्हॉनबाईंचं नाव काढा."

लव्हॉन लगेच म्हणाली, "कलम काढ. मी सही करते, त्यासाठीच आलेय. मला काय, पायरीवरून ऐकू येतंच."

मी थोडा वेळ विचार केला, खोटं कशाला सांगू. आठवं कलम एका रेघेत गेलं असतं आणि किल्ली आमच्या घरातच राहिली असती. कोरीननेही मला अडवलं नसतं. मग मी पेन उचललं आणि रेघ मारली ती साक्षीदारांच्या यादीत, लव्हॉनच्या नावावर.

"तुला सही करता येणार नाही," मी तिला म्हटलं. "तू आता वारस आहेस."

एका साक्षीदाराने कागद पुरा होत नाही, सबब गुरुवारी हॉलिस आपल्या बहिणीला, मॉडीन पर्डी हिला, सोबत आणणार आहे. माझी खरी सही दोघांच्या देखत तेव्हाच होईल. मधल्या पाच दिवसांत माझं काही बरंवाईट झालंच, तर हा सगळा कागद माझ्या हातचा आहे एवढं कोर्टाने बघावं, म्हणून आजही खाली नाव घालून ठेवते.

कोरीनने मीटर लावून बघितला. बारा पॉइंट सहा. म्हणाली, पाच वर्षांची झालीय, ताण देऊन तपासायला हवी, नाहीतर एक दिवस अचानक टक करेल. ताण देऊन बघायचं यंत्र लव्हॉनकडे आहे. लव्हॉन म्हणाली, ते मी घेऊन येते. मी नको म्हटलेलं नाही.

लिहून देणार: ओपल फे स्टीगॉल

साक्षीदार एक: हॉलिस पर्डी (सही गुरुवारी)

साक्षीदार दोन: ~~लव्हॉन स्टीगॉल~~ मॉडीन पर्डी (सही गुरुवारी)

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, ऑइलडेल, कर्न कौंटी

तारीख: शनिवार, ७ जून २०१४

मंडळी परत येणार: गुरुवार, १२ जून, सकाळी नऊला. लव्हॉन पावणेनऊला.